सातबारा आमचा, नकाशा कोणाचा?

(नाशिक येथील जिल्हा कार्यकर्ता बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



कापसाच्या भावाची बैठक आहे म्हणून मालेगाव, नांदगाव, येवल्याकडची मंडळी पहाटेची एस.टी. धरून इथे आली आहेत. भावाचा विषय दुपारच्या सत्रात आहेच. सकाळच्या या तासात आम्ही एक वेगळा विषय मांडणार आहोत. विषय कोरडा आहे, आपल्या जिरायत रानाइतकाच कोरडा. पण कोरड्या रानातही खाली ओल असते, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको.

विषय असा. आपल्या स्वतःच्या जमिनीवर दुकान, गोदाम, जिन, पिठाची गिरणी, हॉटेल, काहीही बांधायचे म्हटले की सरकार म्हणते, "ही जमीन हरित पट्ट्यात आहे, इथे व्यापारी बांधकाम चालणार नाही." हे सरकारला म्हणता येते का? कोर्टात याला आव्हान देता येते का? ज्यांनी दिले, त्यांच्या पदरात काय पडले?

एका एकराची गोष्ट

आम्ही शेतकीचे पदवीधर. राहुरीला शिकलो, बियाण्याचा एकरी डोस आणि खताच्या मात्रा सांगत गावोगाव फिरलो. आमचे एक स्नेही आहेत, नाव सांगत नाही. तालुक्याच्या गावाला लागून त्यांचे सात एकर जिरायत. चार एकर कपाशी, तीन एकर ज्वारी. त्यातला एक एकर सडकेला लागून. त्यांचा थोरला मुलगा हुशार निघाला. तो म्हणाला, "आबा, ज्वारी बाजारात पोत्याने विकण्यापेक्षा आपणच निवडून, दळून, पिशव्या भरून सडकेवर विकू. थंडीत हुरडा लावू. सरकी-पेंडही ठेवू." आम्हाला आनंद झाला. पंचवीस वर्षे आम्ही जे सांगत होतो, ते पोरगे आपणहून बोलत होते.

त्याने पत्र्याच्या शेडसाठी रीतसर अर्ज केला. हे २००९ सालचे. सात महिन्यांनी एका ओळीचे उत्तर आले : सदर गट हरित विभागात असल्याने परवानगी देता येत नाही. कोणता नियम, कोणते कलम, दाद कुठे मागायची, काही नाही. आबांनी ते पत्र देव्हाऱ्यामागे खोचून ठेवले. सरकारी कागदाची आपल्या घरात हीच जागा.

तीन वर्षांनी मुलीच्या लग्नाला पैसा हवा होता. सडकेचा तो एकर विकला. हरित पट्ट्यातली जमीन, म्हणजे ती घेणार शेतकरीच, आणि तोही शेतीच्याच भावाने. घेणारा कागदोपत्री शेतकरी होता, राहायला शहरात. पुढे दोन वर्षांनी विकास आराखड्यात एक छोटासा फेरबदल झाला. राजपत्रात सूचना आली, वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळी छापून आल्या, हरकती मागवल्या, कोणी घेतल्या नाहीत, आणि हिरवा रंग निळा झाला. निळा म्हणजे व्यापारी. आज तिथे दोन मजली इमारत आहे, खाली बारा गाळे. त्यातल्या एका गाळ्यात आबांचा मुलगा ज्वारीच्या पिठाच्या पिशव्या विकतो. भाड्याने. बापाच्या एकरात.

भावांनो, यात कोणी चोरी केली नाही. सगळे कायद्याने झाले. म्हणूनच कायदा समजून घेतला पाहिजे.

रंग कोण भरतो?

आपल्या मुलखात नगररचनेचा पहिला कायदा मुंबई सरकारने १९१५ साली केला. दुसरा १९५४ साली. आज चालतो तो महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ चा. तो जानेवारी १९६७ पासून लागू झाला. या कायद्याने महापालिका-नगरपालिकांनी विकास आराखडा करायचा आणि बाहेरच्या मुलखाला प्रादेशिक योजना लावायची. नकाशावर रंग भरायचे. पिवळा राहण्याचा, निळा व्यापाराचा, जांभळा कारखान्यांचा, हिरवा शेतीचा. एकदा नकाशा मंजूर झाला की त्याविरुद्ध वीटसुद्धा रचता येत नाही.

नाशिकचेच बघा. १९८२ साली महापालिका झाली तेव्हा आडगाव, म्हसरूळ, मखमलाबाद, पाथर्डी अशी कितीतरी शेतीची गावे तिच्या हद्दीत गेली. पहिला विकास आराखडा लागू झाला १९९३ साली. दुसरा मंजूर झाला २०१७ साली. मधे चोवीस वर्षे गेली. कायदा म्हणतो, निदान वीस वर्षांतून एकदा आराखडा सुधारा. पेरणी चार दिवस चुकली तर हंगाम हातचा जातो म्हणून आपण रात्री जागतो. इथे चार वर्षे चुकली तरी कोणाचे काही बिघडत नाही. बिघडते ते ज्याच्या रानावर रंग पडला त्याचे.

हे शास्त्र निघाले कुठून?

ही कल्पना आपली नाही. अमेरिकेत न्यूयॉर्क शहराने १९१६ साली सगळ्या शहराला पट्टे पाडले. मग गावोगाव ती लाट गेली. ओहायो राज्यात युक्लिड नावाचे खेडे होते. तिथे एका कंपनीची ६८ एकर जमीन होती, कारखान्यांना विकायची म्हणून राखलेली. गावाने बऱ्याचशा भागावर घरांचा पट्टा टाकला. कंपनी कोर्टात गेली. म्हणाली, कारखान्यासाठी एकरी दहा हजार डॉलर येतील, घरांसाठी अडीच हजार. एका नकाशाने आमचे तीन हिस्से गेले. १९२६ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल गावाच्या बाजूने दिला. लोकांचे आरोग्य, सुरक्षितता, शांतता यांसाठी गावाला असे पट्टे पाडता येतात, आणि भाव उतरला एवढ्यावर नियम रद्द होत नाही.

पण गोष्ट इथे संपत नाही. दोनच वर्षांनी, १९२८ साली, केंब्रिज नावाच्या शहरातला एक जमीनमालक त्याच न्यायालयात गेला. त्याने पट्ट्यांच्या कायद्याला हात लावला नाही. तो एवढेच म्हणाला, माझ्या या तुकड्यावर घरांचा पट्टा टाकून लोकांचे कोणते भले झाले ते दाखवा. शहराला दाखवता आले नाही. तो जिंकला.

हे दोन निकाल बांधावरच्या दोन खुणांसारखे लक्षात ठेवा. सगळा कायदा उलथवायला गेलेला हरला. एका तुकड्यावरचा अन्याय पुराव्यानिशी दाखवणारा जिंकला. तऱ्हा वेगळी, पण आपल्या देशातही न्यायालयांचा कल याच अंगाने गेला आहे.

आपल्या हातात काय उरले?

घटना झाली तेव्हा मालमत्ता हा मूलभूत हक्क होता. १९५१ च्या पहिल्याच घटनादुरुस्तीने नववे परिशिष्ट आले आणि जमीनविषयक कायदे त्यात टाकून कोर्टाच्या आवाक्याबाहेर नेण्याची सोय झाली. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने मालमत्तेचा मूलभूत हक्कच गेला. उरले कलम ३००-अ : कायद्याच्या आधाराशिवाय कोणाची मालमत्ता काढून घेता येणार नाही. म्हणजे कायदा केला की काढून घेता येईल! कापसाचे आठवा. १९७२ पासून २००२ पर्यंत एकाधिकार खरेदी होती. पीक आमचे, पण विकायचे कोणाला ते सरकार ठरवणार. जमिनीचे तसेच. सातबारा आमचा, पण तिच्यावर काय उभे राहील ते सरकार ठरवणार. पीक घरातून निघाले की एक कुलूप, बांधावर उभे राहिलो की दुसरे.

तरी या ३००-अ मध्ये न्यायालयांनी हळूहळू जीव भरला. २०२४ साली कोलकाता महापालिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यातून सात हक्क मोजून दाखवले. जमीन घेणार असाल तर नोटीस द्या. म्हणणे ऐका. कारणांसह निर्णय द्या. हेतू सार्वजनिक आहे ते दाखवा. रास्त भरपाई द्या. काम रीतसर आणि वेळेत करा. आणि ते शेवटाला न्या. आबांचा मुलगा पोटी जे मागत होता, ते हेच होते.

मात्र इथे एक खड्डा आहे. त्यात आपले पुष्कळ लोक पडतात.

आरक्षण वेगळे, पट्टा वेगळा

तुमच्या जमिनीवर शाळा, बाग, रस्ता, भाजी मंडई यांचे आरक्षण पडणे ही एक गोष्ट. तुमची जमीन हरित पट्ट्यात असणे ही दुसरी. दोन्हीला आपण "झोन बसला" असेच म्हणतो. कायद्यात त्यांची जात वेगळी आहे.

आरक्षण म्हणजे कसे? व्यापारी घरी आला, तुमच्या कापसाच्या गाठोड्यावर खडूने खूण केली, "हा माल माझा, दुसऱ्याला देऊ नका" म्हणाला, आणि निघून गेला. पैसे दिले नाहीत, माल उचलला नाही. कापूस पिवळा पडला तरी तुम्ही विकायचा नाही. अशा खुणेला कायद्यात मुदत आहे. १९६६ च्या कायद्याचे कलम १२७ पाठ करून ठेवा. आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत जमीन घेतली नाही, तर मालकाने मालकीच्या कागदांसह नोटीस द्यायची. नोटिशीच्या मुदतीत संपादनाचे पाऊल पडले नाही, तर आरक्षण संपले असे धरायचे.

आता पाऊल म्हणजे काय? आपल्या शेजारच्या श्रीरामपूरचाच खटला आहे. नगरपालिकेने ठराव केला, जिल्हाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव पाठवला, आणि म्हणाली, हे बघा पाऊल टाकले. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी सांगितले, कागद इकडून तिकडे गेला म्हणजे पाऊल पडले असे नाही. संपादनाची खरी कारवाई सुरू झाली पाहिजे. त्याआधी २००७ साली गिरनार ट्रेडर्सच्या खटल्यात बहुमताने हेच म्हटले होते. आणि २०२५ च्या फेब्रुवारीत निर्मिती डेव्हलपर्सच्या खटल्यात, शाळेसाठी तीन दशके अडकवून ठेवलेल्या जमिनीबद्दल न्यायालय बोलले, की मालकाला असे अनंत काळ टांगून ठेवता येत नाही.

सरकारनेही हात बांधून घेतले नाहीत. नोटिशीची मुदत मुळात सहा महिने होती. २००७ चा निकाल आला, २००९ साली ती बारा महिने झाली. २०१३ चा निकाल आला, २०१५ साली चोवीस महिने झाली. न्यायालय बांध सरकवते आणि विधानसभा रात्रीतून दगड हलवते, हा अनुभव तुम्हाला भाऊबंदकीत आहेच.

पुण्यातला आणखी एक खटला आहे, राजू जेठमलानींचा, २००५ सालचा. खासगी जमिनीवर आराखड्यात बाग दाखवली. न्यायालय म्हणाले, दाखवायला हरकत नाही, पण जमीन संपादन केल्याशिवाय मालकाला तिच्या वापरापासून रोखता येणार नाही. बाग हवी तर पैसे मोजा.

हे झाले आरक्षणाचे. पट्ट्याचे तसे नाही. पट्टा म्हणजे खूण केलेले गाठोडे नव्हे, पट्टा म्हणजे बाजाराच्या वेशीवरचा नाका. तुमचा माल कोणी मागितलेला नाही, फक्त तुम्हाला आत सोडत नाहीत. म्हणून कलम १२७ ची दहा वर्षे हरित पट्ट्याला लागू नाहीत. हिरवा रंग दहा वर्षांनी आपोआप उडत नाही. कोणी वकील तसे सांगत असेल तर फी देण्याआधी दुसऱ्याला विचारा. कोणत्या गटाला कोणता रंग, हे ठरवणे सरकारचे काम, असे न्यायालये सामान्यतः म्हणतात. रंग बदलून द्या म्हणून अर्ज केला तर न्यायालय ब्रश हातात घेत नाही. रंग भरताना कायद्याची रीत मोडली का, एकाला एक न्याय आणि शेजाऱ्याला दुसरा झाला का, नकाराला कारण दिले का, हे मात्र ते तपासते. घटनेचे कलम १४ समानतेचे, कलम १९ धंद्याच्या स्वातंत्र्याचे. पट्ट्याविरुद्धचा खटला त्यांवर उभा राहतो, आणि उभा राहायचा तर कागद लागतो. सरकारी पत्र देव्हाऱ्यामागे ठेवून चालत नाही.

मग नियमच नकोत काय?

आता आमच्याच माणसांकडून येणारा प्रश्न. येवल्याकडचे एक कार्यकर्ते काल म्हणाले, "सगळे पट्टे उडवा. ज्याची जमीन, त्याची मर्जी." टाळी मिळते या वाक्याला. आम्हीही पूर्वी मिळवली आहे.

पण आम्ही माती शिकलो आहोत. काळी माती तयार व्हायला हजारो वर्षे लागतात, आणि नासायला एक नाला पुरतो. तुमच्या विहिरीच्या वरच्या अंगाला कोणी रंगाचा कारखाना टाकला आणि पाणी सोडून दिले, तर "त्याची जमीन, त्याची मर्जी" असे तुम्ही म्हणाल का? जिनमध्ये आग लागते. रुईचा भुसा उडतो. घरांना खेटून जिन असू नये, हे कळायला नगररचनेची पदवी लागत नाही. दिल्लीत घरांच्या वस्तीत दुकाने माजली, २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने कुलपे लावायला लावली, आणि संसदेला घाईने कायदा करून दुकानदारांना श्वास घ्यायला द्यावा लागला. आधी डोळेझाक, मग हातोडा, मग माफी. यात नियमाने वागलेला तेवढा मूर्ख ठरला.

म्हणून आमचे म्हणणे मर्जीचे नाही, न्यायाचे आहे. नियम नुकसानीवर असावा, माणसावर नसावा. सांडपाणी, आग, आवाज, रस्त्यावरचा अपघात यांचे मोजमाप ठेवा आणि सगळ्यांना एकच लावा. ज्वारी दळून पिशवीत भरणारे शेड कोणाची विहीर नासवते? आपल्याच कपाशीची सरकी काढणारे छोटे यंत्र शेजाऱ्याचे काय घेऊन जाते? शहराला हिरवळ हवी, मोकळी हवा हवी. जरूर हवी. मग तिचे पैसे शहराने द्यावेत. एकरी चार-पाच क्विंटल कापूस पिकवणाऱ्याने शहराच्या फुप्फुसाचा खर्च का उचलायचा?

आणि हरित पट्टा खरोखर शेतीसाठी असेल, तर तो शेतकऱ्याच्या हातात असेपर्यंत हिरवा आणि विकल्यावर निळा असे का होते? पट्ट्याने माती वाचली असती तर आम्ही गप्प बसलो असतो. पट्ट्याने अनेक ठिकाणी एवढेच केले, की जमीन स्वस्तात हलली आणि महाग झाली ती दुसऱ्याच्या नावावर गेल्यावर.

दार उघडले, पण कोणासाठी?

गेल्या तीस वर्षांत कुलपे काही प्रमाणात सैल झाली, हेही सांगितले पाहिजे. नाहीतर आम्ही अर्धे सत्य सांगितले असे होईल. १९९४ साली जमीन महसूल संहितेत कलम ४४-अ आले. योजनेत जिथे उद्योगाला मुभा आहे, तिथे खऱ्या उद्योगासाठी अकृषिक परवानगीची अट गेली. २०१४ ते २०१७ दरम्यान कलम ४२-अ ते ४२-ड आली आणि आराखड्यातल्या जमिनींची, गावठाणाजवळच्या २०० मीटरमधल्या जमिनींची परवानगी सोपी झाली. डिसेंबर २०२० मध्ये बांधकामाची एकत्रित नियमावली मुंबई आणि काही क्षेत्रे वगळून राज्यभर लागू झाली. तिच्यात शेती विभागातसुद्धा गोदाम, शीतगृह, शेतमाल प्रक्रिया, कृषी पर्यटन, पेट्रोल पंप, सडकेकडेच्या सोयी, मंगल कार्यालय व लॉन यांना अटींवर वाव दिला आहे. किती रुंदीचा रस्ता, किती जमीन, किती बांधकाम, हे त्यात लिहिले आहे.

म्हणजे आबांच्या मुलाचा २००९ चा अर्ज २०२० नंतर आला असता, तर "हरित विभाग आहे" एवढे एक वाक्य पुरले नसते. पण गेलेला एकर परत येत नाही.

आणि नवे नियम पहिल्यांदा कोणाला कळले? ज्याचा वास्तुविशारद नाशकात, वकील मुंबईत आणि ओळख मंत्रालयात, त्याला. समृद्धी महामार्ग सिन्नर-इगतपुरीवरून गेला. २०२५ च्या जूनमध्ये तो नागपूर ते मुंबईच्या वेशीपर्यंत पूर्ण खुला झाला. नव्या रस्त्याकडेच्या जमिनीला उद्या काय भाव येईल आणि तिथे काय बांधता येईल, हे जमीन देणाऱ्याला आधी कळले की घेणाऱ्याला? तुम्हीच मनाशी उत्तर द्या.

मखमलाबादची गोष्ट तुमच्यातल्या अनेकांना ठाऊक आहे. नाशिक स्मार्ट सिटीच्या यादीत आले आणि मखमलाबाद-हनुमानवाडीच्या शिवारावर नगररचना योजना आखली गेली. शेतकऱ्यांत दोन तट पडले. काहींना योजनेत फायदा दिसला, काहींना बेघर होण्याची भीती वाटली. योजना प्रत्यक्षात उतरली नाही. आम्ही दोन्ही तटांतल्या लोकांशी बोललो. दोघांची तक्रार एकच होती : आम्हाला आधी विचारले नाही.

काय करायचे?

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. खरे आहे. पण पायरी कुठे आहे ते शहाण्याला ठाऊक असावे. दिवाणी कोर्टात जाऊन काही होत नाही, कारण याच कायद्याच्या कलम १४९ ने ती वाट बंद केली आहे. वाट उच्च न्यायालयातून आहे. नाशिककरांना मुंबईला जावे लागते, धुळे-जळगावकरांना छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात. खर्चाची वाट आहे. म्हणून त्याआधीच्या फुकटच्या पायऱ्या चुकवू नका. आम्ही कामे वाटून देतो.

एक. प्रत्येक गावाने आपल्या गटांचे झोन दाखले काढायचे. कोणता गट कोणत्या विभागात, कोणत्या गटावर कोणते आरक्षण, आणि आराखडा कोणत्या तारखेला लागू झाला, याची वही करायची. वही ग्रामपंचायतीत ठेवायची, कोणाच्या घरी नाही.

दोन. जिथे आरक्षणाला दहा वर्षे झाली, तिथे कलम १२७ ची नोटीस कागदपत्रांसह द्यायची आणि पोच घ्यायची. मुदत मोजायची. पोच नसलेली नोटीस म्हणजे न उगवलेले बी.

तीन. प्रारूप आराखडा किंवा फेरबदल जाहीर झाला की हरकतीसाठी थोडे दिवस मिळतात. आराखड्याच्या बाबतीत कायद्यात तीस दिवस आहेत. प्रत्येक तालुक्यात दोन तरुण नेमायचे, त्यांचे काम राजपत्र आणि वर्तमानपत्रातल्या बारीक अक्षरातल्या सूचना वाचणे. एकाच गटाचा रंग बदलत असेल, तर शेजारच्या सगळ्यांनी लेखी विचारायचे : त्याचा का, आमचा का नाही?

चार. बांधकामाचा अर्ज केला तर तारीख लिहून ठेवा. साठ दिवसांत उत्तर आले नाही तर परवानगी मिळाली असे धरण्याची तरतूद कलम ४५ मध्ये आहे. मात्र बांधकाम आराखड्याला आणि नियमाला धरून असेल तरच. नियमाबाहेरचे बांधाल तर साठ दिवस गेले हे सांगून शेड वाचणार नाही. नकार आला तर कारण मागा. कलम ४७ प्रमाणे चाळीस दिवसांत शासनाकडे अपील आहे. आबांचे चाळीस दिवस देव्हाऱ्यामागे गेले.

पाच. उच्च न्यायालयात जायचे तर एकेकट्याने नाही. आपण बियाणे निवडतो तसा खटला निवडायचा. ज्याचे कागद स्वच्छ, ज्याने कुठे नियम मोडला नाही, ज्याच्या शेजाऱ्याला तेच मिळाले आणि याला नाकारले, असा एक शेतकरी निवडायचा आणि सगळ्या जिल्ह्याने त्याच्या मागे उभे राहायचे. पोकळ दाण्याची पेरणी करू नका. एक हरलेला खटला दहा गावांना मागे नेतो.

आणि सरकारकडे आपली मागणी साधी आहे. स्वतःच्या शेतात स्वतःचा माल साफ करणे, दळणे, साठवणे, विकणे याला कोणत्याही रंगात आडकाठी नको. आराखड्याची नोटीस राजपत्रात छापून थांबू नका, प्रत्येक खातेदाराच्या घरी द्या. कलम १२७ ची मुदत पुन्हा सहा महिने करा. नकाराच्या पत्रात कलम लिहा. हरित पट्टा ठेवायचा असेल तर ठेवा, पण त्याची किंमत त्या हिरवळीचा उपभोग घेणाऱ्याने चुकती करावी.

कोणी म्हणेल, तुम्ही शेतकऱ्याला जमीन विकायला शिकवता. नाही. आम्ही त्याला विकायची वेळ येऊ नये म्हणून बोलत आहोत. २००९ साली त्या एकरावर पत्र्याचे एक शेड उभे राहिले असते, तर कदाचित २०१२ साली तो एकर विकावा लागला नसता. मुलीचे लग्न शेडने केले असते.

परवा आम्ही त्या गाळ्यात जाऊन आलो. मुलाने चहा मागवला. भाड्याची पावती दाखवली. मग ड्रॉवरमधून ते जुने पत्र काढले. देव्हाऱ्यामागे होते, त्याने शोधून आणले. म्हणाला, "दादा, बैठकीत वाचून दाखवा. आमचे गेले, पण कोणाला तरी उपयोग होईल." ते पत्र हे इथे आहे. नाव झाकून आम्ही त्याच्या प्रती काढल्या आहेत. जाताना प्रत्येक गावाने एक घेऊन जा. त्याच्या पाठीवर वर सांगितलेली पाच कामे छापली आहेत.

पुढच्या बैठकीला याल तेव्हा वही घेऊन या.